आधी पत्रा, मग इंजिन: दोन लाख किलोमीटर चाललेल्या डिझेल गाडीचं काय करायचं?

पावसाळा सरतो, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांची ने-आण उरकते आणि गाडी एकदाची गॅरेजला जाते. दोन दिवसांनी मेस्त्रींचा फोन येतो. क्लच संपलाय, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) ऑइल सोडतोय, डिझेल फवारणारे इंजेक्टर उतरवून बघावे लागतील, पुढचे लोअर आर्म (चाकं खालून धरणारे दांडे) आणि त्यांचे बुश तर गेलेच आहेत. सगळं धरून लाखाच्या आतबाहेर. गाडी २०१२ ची, मीटर २ लाख २० हजारांवर, आणि बाजारात तिला दीड लाख तरी कुणी देईल का, याची खात्री नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो विकून टाका, हिला किती दिवस पोसणार. दुसरा म्हणतो डिझेल इंजिन आहे, अजून लाखभर किलोमीटर सहज जाईल.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, पण दोघंही बॉनेटच्या आतच बघत असतात. आपल्या कोकण किनारपट्टीवर जुन्या गाडीचा निकाल इंजिन लावत नाही आणि मीटर तर मुळीच लावत नाही. तो पत्रा लावतो. इंजिन खोलता येतं, रिंगा-बेअरिंग बदलता येतात, वेळ पडली तर अख्खं दुसरं इंजिन बसवता येतं. सडलेला सांगाडा मात्र बदलता येत नाही. म्हणून एस्टिमेट हातात आलं की पहिलं काम म्हणजे गाडी रॅम्पवर चढवून खालून बघणं. इंजिनवर एक रुपयाही खर्च करण्याआधी.

घाटावरच्या माणसाला हे पटकन पटत नाही. कराडची किंवा पुण्याची पंधरा वर्षांची गाडी खालून बऱ्यापैकी कोरडी निघते. त्याच वयाची हर्णै, जयगड, देवगड किंवा वेंगुर्ल्याची गाडी बघा, कथा वेगळी असते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण मीठ आलं की वेग वाढतो. गंजणं ही मुळात विजेसारखी प्रक्रिया आहे. पत्र्याच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अगदी बारीक प्रवाह वाहतो, आणि खारट पाणी तो प्रवाह साध्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहून नेतं. वर मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी गाडी आतून ओलीच असते. त्यात आपला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती. ही माती चाकाच्या वरच्या कमानीत जाऊन बसते, घट्ट होते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. वरवर पाणी मारून ती निघत नाही, बोटांनी उकरून काढावी लागते.

गाडीची काही ठिकाणं अशी की तिथे गंज बाहेरून नाही, आतून सुरू होतो. दाराच्या खालची लांब पट्टी, जिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात, ती आतून पोकळ असते. तिच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खात बाहेर येतो. बाहेर मसुराएवढा रंगाचा फुगा दिसला, तर आत बऱ्याचदा तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. दारांच्या तळाशी तेच. काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत, तेच. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहत असेल तर तिथली पाण्याची वाट पानांनी हमखास बंद होते आणि पाणी केबिनमध्ये, पायाखालच्या गालिच्यात उतरतं. गालिचा उचलून हात लावून बघा. कुबट वास आला तर खालचा पत्राही बघावाच लागेल.

रॅम्पवर गाडी चढली की एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. मेस्त्रींना सांगा, सिलच्या खालच्या कडेवर, फ्लोअरच्या जोडांवर, मागचा बीम (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) जिथे बॉडीला बोल्टने जोडलेला असतो तिथे, आणि पुढचे लोअर आर्म ज्या क्रॉसमेंबरला (पुढच्या आडव्या पट्टीला) धरलेले असतात त्याच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. खाल्लेला पत्रा बदबद वाजतो, आणि त्यावर टोक जरा दाबलं की पापुद्रे सुटतात. टोक आत गेलं तर निकाल तिथेच लागला. मग बॉनेट उघडून शॉकअपचा वरचा टॉवर बघा, म्हणजे जिथे तीन नट असतात तो गोल भाग. खड्ड्यातला प्रत्येक दणका तिथे जातो. तिथे रंगाखाली पापुद्रा आला असेल, जोडाच्या सीलंटला तडा गेला असेल, तर त्या गाडीत लाखभर रुपये घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन कितीही ठणठणीत असो. कुंभार्ली उतरताना किंवा आंबोलीच्या वळणावर लोअर आर्मचं माउंटिंग सुटलं, तर इंजिन चांगलं होतं याचा कुणाला उपयोग नाही.

ब्रेकच्या लोखंडी नळ्याही याच वेळी बघायच्या. त्या फ्लोअरच्या खालून मागच्या चाकांपर्यंत जातात, क्लिपांपाशी माती धरतात आणि तिथेच गंजतात. नळी बदलणं हे फार मोठं काम नाही, पण ती कुणी बघत नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा. खालून काळंकुळकुळीत, गुळगुळीत, नुकतंच लावलेलं अंडरबॉडी कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. कोटिंग नव्या, कोरड्या पत्र्यावर लावलं तर संरक्षण करतं. गंजलेल्या पत्र्यावर लावलं तर ओल आत कोंडून ठेवतं आणि गंज झाकतं. विकायच्या आधी असा काळा थर मारून देणारे कमी नाहीत.

गंज सापडला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. बोनेटची कड, दाराचा तळ, डिकीचं झाकण, फेंडर हे बोल्टने बसणारे किंवा वजन न पेलणारे भाग आहेत. दिसायला वाईट, पण गाडी त्यावर उभी नसते. सिलचा एखादा फूट सडला असेल तर सडका भाग कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन, नवा पत्रा वेल्डिंग करणारा कारागीर मिळाला तर ते काम टिकतं. सडक्यावर पत्रा डकवून वर पुट्टी भरली तर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच. बोलेरो, सुमो, जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ यांना खाली वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. त्यांचा फ्लोअर सडला तरी चेसिस शाबूत असेल तर दुरुस्तीला अर्थ असतो. डिझायर, स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा यांना वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. तिथे टॉवर आणि मागच्या बीमचे जोड गेले की गाडी गेली.

आणि जे गाडी समुद्राच्या वाळूत, लाटांच्या पाण्यात घालून रील काढतात, त्यांनी हा लेख वाचून वेळ घालवू नये. त्यांच्या गाडीचं उत्तर त्यांनीच ठरवलेलं आहे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जंगल जेट्टीवरून (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवरून) रोज ये-जा करणाऱ्यांचं तसं नाही, त्यांना पर्याय नसतो. त्यांनी आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी, एवढं पुरतं.

पत्रा पास झाला की मग इंजिन. इथे मात्र मीटरला घाबरायचं कारण नाही. कॉमन रेल डिझेलचे, म्हणजे एकाच नळीत दाबाखाली डिझेल ठेवून ते इंजेक्टरने फवारणाऱ्या इंजिनाचे, अडीच-तीन लाख किलोमीटर हे वेळेवर ऑइल बदललं असेल तर अप्रूप नाही. आपल्या भागात फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन घराघरात आहे. तेच इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, रिट्झमध्ये, तेच व्हिस्टा आणि मान्झात, तेच पुंटो आणि लिनियात. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराचे कडक निकष) आलं तेव्हा डिझेल बंद केलं, तरी या इंजिनाचे पार्ट आणि ते डोळे मिटून खोलणारे मेस्त्री दोन्ही अजून सहज मिळतात. हा मोठा आधार आहे. उलट एखाद्या कमी खपलेल्या परदेशी मॉडेलचं साधं सेन्सर कोल्हापूर-पुण्याहून मागवून आठ दिवस गाडी उभी ठेवावी लागत असेल, तर तेही हिशेबात धरायला हवं.

किलोमीटर किती यापेक्षा ते कसे झाले हे महत्त्वाचं. महामार्गावर एका दमात चाललेले दोन लाख इंजिनाला सोपे जातात. घर ते बाजारपेठ, बाजारपेठ ते शाळा असे रोजचे चार-चार किलोमीटर करून झालेले ऐंशी हजार त्याहून जड. इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओल आणि काजळी राहते, धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरतो. आणि क्लच तर किलोमीटरवर नाही, सवयीवर जातो. घाटात चढावर हँडब्रेक न वापरता अर्ध्या क्लचवर गाडी पेलून धरणाऱ्यांची क्लच प्लेट थोड्याच वर्षांत दोनदा बदललेली असते.

इंजिनाची खरी अवस्था कळायला मोठं यंत्र लागत नाही. इंजिन गरम, चालू, आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करा. किंचित वाफ आणि हलका फुरफुराट असेल तर ठीक. झाकण जागेवर थडथड उडायला लागलं आणि भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगांवरून दाब खाली क्रँककेसमध्ये जातोय. सोबत दर हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑइल घालावं लागत असेल, निळसर धूर असेल आणि सकाळी उशिरा स्टार्ट होत असेल, तर हाफ इंजिनचं (पिस्टन-रिंगा-बेअरिंग बदलण्याचं) काम जवळ आलंय. कॉम्प्रेशन मोजून घ्या, चारही सिलिंडरचं. आकडे जवळजवळ सारखे असतील तर घाबरू नका. एकच खूप खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी आहे.

इंजेक्टरची चाचणी तर बघण्यासारखी असते आणि ग्राहकाने उभं राहून बघावी. कॉमन रेल पंप डिझेलला प्रचंड दाब देतो, साध्या गाड्यांतही तो हजार बारच्या वर सहज जातो. प्रत्येक इंजेक्टर त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरमध्ये फवारतो आणि थोडं परतीच्या बारीक नळीतून टाकीकडे पाठवतो. इंजेक्टर आतून झिजला की परतीचं डिझेल वाढतं. मेस्त्री चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून त्या जागी चार पारदर्शक नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लावतो, आणि इंजिन काही मिनिटं चालवतो. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथीत वीतभर, असं दिसलं की आजारी कोण हे शेंबडं पोरही सांगेल. मग एकच इंजेक्टर काढायचा, रत्नागिरी-चिपळूणला किंवा कोल्हापूरला पंप-इंजेक्टरवाल्याकडे टेस्ट बेंचला लावायचा. ही चाचणी न करता "चारही बदलावे लागतील" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं. चारही नव्या इंजेक्टरचा खर्च कधी कधी गाडीच्या निम्म्या किमतीएवढा होतो, आणि बऱ्याचदा दोष एकाच इंजेक्टरमध्ये, नाहीतर डिझेल फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्यात असतो. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पाणी काढायचं काम पावसाळ्यात दोन-तीनदा करावं. चाकरमान्यांच्या गावी उभ्या असलेल्या गाड्यांत तर अर्धी टाकी रिकामी राहते, आत हवा असते, त्या हवेतली ओल थेंब होऊन डिझेलमध्ये उतरते.

टर्बोचंही तसंच. इंटरकूलरच्या रबरी होजमध्ये थोडं ऑइल दिसलं म्हणून टर्बो गेला असं होत नाही, सगळ्याच जुन्या डिझेलमध्ये ते असतं. होज काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवा. बाजूला अगदी किंचित हालचाल चालते. पुढेमागे खेळ नको, आणि पंखा घराला घासल्याच्या खुणा नकोत. फुटलेल्या होजमधून हवा गळत असेल तरीही पिकअप जातो आणि काळा धूर येतो. पाचशे-हजार रुपयांच्या होजपायी लोकांनी टर्बो बदललेले आहेत.

टाइमिंग बेल्ट आहे की चेन, हेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला बेल्ट आहे, मल्टिजेटला चेन. बेल्टला मुदत असते. ती उलटली असेल आणि बेल्ट तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून हेडचं काम निघतं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेला नाही असंच धरायचं.

आता पैशांकडे येऊ. सगळीकडे एक ठोकताळा ऐकू येतो: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की गाडी विका. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण चुकीच्या दोन गोष्टींची तुलना करतो. गाडीची बाजारातली किंमत म्हणजे तुम्हाला ती विकून मिळणारे पैसे. तुम्हाला हवेत ते पुढचे किलोमीटर. म्हणून तुलना हवी ती पुढची तीन वर्षं ही गाडी चालवायला एकूण किती लागतील आणि तिच्या जागी दुसरी आणली तर किती लागतील, यांची.

आकडे धरून बघू. आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही घाला. वर्षाला दहा हजार किलोमीटर, म्हणजे तीन वर्षांत तीस हजार. जुनी गाडी आज आहे तशी विकली तर १ लाख २० हजार येतील. दुरुस्तीला ९५ हजार. त्यानंतर दरवर्षी २५ हजार किरकोळ-अर्धंमोठं काम, तीन वर्षांचे ७५ हजार. विमा वर्षाला ८ हजार, म्हणजे २४ हजार. तीन वर्षांनी ती ७० हजारांना जाईल, म्हणजे किमतीतली घट ५० हजार. डिझेल लिटरला ९२ रुपये आणि अॅव्हरेज १८ धरलं तर तीन वर्षांचं इंधन साधारण १ लाख ५३ हजार. बेरीज ३ लाख ९७ हजार. किलोमीटरला सव्वातेरा रुपये.

आता नवी छोटी पेट्रोल गाडी, ऑन-रोड ९ लाख. जुनी विकून आलेले १ लाख २० हजार आणि घरचे ८० हजार भरले, उरलेले ७ लाख कर्ज, पाच वर्षांचं, साडेनऊ टक्क्यांनी. तीन वर्षांत नुसतं व्याज दीड लाखाच्या जवळ जातं. गाडीची किंमत तीन वर्षांनी साडेपाच लाख धरली तर घट साडेतीन लाख. सर्व्हिसिंग २४ हजार, पहिल्या वर्षानंतरचा विमा ४० हजार, पेट्रोल १०४ रुपये दराने आणि १७ च्या अॅव्हरेजने १ लाख ८३ हजार. बेरीज ७ लाख ४७ हजारांच्या घरात. किलोमीटरला पंचवीस रुपये.

म्हणजे तीन वर्षांत साडेतीन लाखांचा फरक. जुनी गाडी महाग पडायला तिच्यात आज ठरलेल्या दुरुस्तीखेरीज आणखी साडेतीन लाखांचं काम निघायला हवं. एवढ्यात मल्टिजेटचं अख्खं इंजिन करून वर पैसे उरतात. तेव्हा "दुरुस्तीपेक्षा नवी परवडते" हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. नवी गाडी घ्यायला दुसरी कारणं असतात आणि ती चांगली कारणं आहेत, फक्त ती बचतीच्या नावाने सांगू नयेत.

त्यातलं पहिलं सुरक्षितता. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटना एअरबॅग नाहीत. २०१९ नंतर हळूहळू चालकासाठी आणि मग शेजारच्यासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. महामार्ग ६६ वर रोज रात्री-बेरात्री प्रवास असेल, मागे लहान मुलं बसत असतील, तर या एका कारणासाठी गाडी बदलणं मला पटतं. दुसरं भरवसा. घरचा होमस्टे आहे, पाहुण्यांना कुडाळ किंवा रत्नागिरी स्टेशनवरून आणायचंय, किंवा घरात डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावं लागणारं माणूस आहे, तर गाडी बंद पडण्याची किंमत मेस्त्रींच्या बिलात दिसत नाही. ती तुम्ही वेगळी लिहायची. ज्याच्याकडे दारात बाइक आहे, शेजारी रिक्षा आहे, त्याला गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली तर काही बिघडत नाही. त्याच गाडीचं उत्तर दोन घरांत वेगळं येतं ते यामुळे.

एस्टिमेटमधल्या कामांची दोन ढिगांत विभागणी केली की चित्र आणखी स्वच्छ होतं. क्लच, टायर, बॅटरी, बुश, शॉकअप, ब्रेक पॅड हे झिजणारे पार्ट. उद्या पाच लाखांची सेकंडहँड आणलीत तरी तिलाही ते लागणारच, आणि तिचे कधी बदललेत हे तुम्हाला ठाऊक नसेल. स्वतःच्या गाडीत ते घातले तर निदान पुढची काही वर्षं त्यांची चिंता नाही. दुसरा ढीग म्हणजे पुन्हा पुन्हा निघणारा अज्ञात दोष: कधी वायरिंग, कधी सेन्सर, कधी लिंप मोड (गाडी आपणहून ताकद कमी करते), आणि तीन गॅरेज फिरूनही कारण सापडत नाही. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं, किंवा खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडलेले असतात. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो, अशी गाडी पत्रा चांगला असला तरी सोडावी.

कागदांचं बघायला विसरू नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढते. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून आरटीओला गाडी दाखवायची. एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ५ हजार आहे, आधी ती ६०० होती, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वाढतात. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडीला वीस वर्षं झाली की २०२५ च्या बदलानुसार फी आणखी चढते. म्हणून गाडी चौदा वर्षांची असताना लाखाची दुरुस्ती काढत असाल, तर हा खर्च, पीयूसी आणि आरटीओतला पास होण्याचा प्रश्न एकत्रच बघा. बेसुमार काळा धूर सोडणारी गाडी तिथे अडते.

"डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद" हे मात्र आपल्याला लागू नाही. तो २०१५ चा हरित लवादाचा आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेला आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता होता. एमएच-०७, एमएच-०८ किंवा एमएच-०६ च्या गाडीला त्याचा काही संबंध नाही. ही भीती घालून गाडी स्वस्तात मागणारे दलाल भेटतात, त्यांना हे सांगून बघा. उलट त्या आदेशामुळे दिल्लीकडच्या बऱ्या अवस्थेतल्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. त्या घेताना एनओसी (आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्रातला कर आणि नव्याने नोंदणी यांचा खर्च आधी विचारून घ्या, नाहीतर स्वस्ताई तिथेच संपते.

बदलायचं ठरलंच, तर डिझेलच्या जागी डिझेलच घ्यायची का, हा प्रश्न नीट विचारा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो काजळी साठवतो आणि सुमारे सहाशे अंश तापमानाला ती जाळून साफ होतो. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं एका वेगाने, दमात चालायला लागते. पाजपंढरी ते दापोली अशा वळणावळणाच्या छोट्या फेऱ्यांत ते तापमान येतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी पिकअप कापते आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. महिन्यातून दोनदा मुंबई, सगळा मोठा प्रवास, असं असेल तर डिझेल घ्या. रोजचे वीस किलोमीटर असतील तर पेट्रोल घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १३, आणि डिझेल मॉडेल मुळातच महाग, त्यामुळे हा फरक भरून यायलाच काही वर्षं जातात.

सेकंडहँडमध्ये एक खास धोका आपल्याकडे आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा शेकड्यांनी गाड्या पाण्यात गेल्या, आणि अशा गाड्या स्वच्छ करून पुढे विकल्या जातात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा. शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी सोडा. सीटच्या खालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्सच्या खाचा बघा. आणि मुंबईहून आलेली, दहा वर्षांत "फक्त ४० हजार" चाललेली डिझेल दाखवली, तर क्लच-ब्रेक पॅडलवरचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा. मीटर मागे फिरवता येतो, पॅडलचं रबर परत उगवत नाही.

जुनी गाडी कुणाला द्यायची? पत्रा चांगला असेल तर गावातल्याच माणसाला, मेस्त्रींसमोर, खरं सांगून. पत्रा सडला असेल तर मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्राला. तिथून मिळणाऱ्या डिपॉझिट प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंतची तरतूद आहे, राज्य प्रत्यक्षात किती देतं ते त्या वेळी आरटीओत विचारा. भंगारवाल्याला तशीच देऊन आरसी घरात ठेवू नका, नोंदणी रद्द करून घ्या. आणि दलालाला विकली असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून कोरे कागद देऊन मोकळे होऊ नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. पैसे घेतल्यावर, ऑनलाइन आरसीवर नव्या मालकाचं नाव आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत त्या दलालाचा फोन नंबर जपून ठेवा.